रागालाही शाळा लागते

वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याची गोष्ट निघाली की आपल्या घरांत दोन नावे लगेच ओठांवर येतात, मुहम्मद अली आणि माल्कम एक्स. अलींनी १९६७ मध्ये सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि त्यापायी जगज्जेतेपद गमावले. माल्कम १९६४ मध्ये हजला गेले आणि तिथे गोऱ्या-काळ्या हाजींना एका ताटात जेवताना पाहून त्यांचे अनेक विचार पालटले. या गोष्टी आपण मुलांना सांगतो, सांगायलाच हव्यात. पण ऐकणारे मूल मनात म्हणते, ते अली होते, ते माल्कम होते, मी कोण?

म्हणून या महिन्यात आम्ही अशा मुलामुलींविषयी लिहीत आहोत, जी त्या वेळी कोणीच नव्हती. ती कॉलेजात शिकत होती. पोलिसांना घाबरत होती, परीक्षांना घाबरत होती आणि घरून येणाऱ्या पत्रांनाही घाबरत होती. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात १९६० साली या मुलांनी जे केले, त्याचा एक धागा थेट आपल्या नागपूरपर्यंत येतो.

नागपूरहून नॅशव्हिल

१९५३ साली जेम्स लॉसन नावाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण नागपूरला आले. वय पंचविशीच्या आसपास. मेथडिस्ट चर्चच्या मिशनचे काम करायचे आणि हिस्लॉप कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना खेळ शिकवायचे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. इथे येण्यापूर्वी ते तेरा महिने तुरुंगात होते. कोरियाच्या युद्धाच्या काळात अमेरिकेत सक्तीची लष्करभरती होती आणि लॉसन यांनी जायला नकार दिला होता. गांधीजींच्या सत्याग्रहाविषयी त्यांनी वाचले होते. जिथे तो घडला, तिथल्या माणसांत राहून तो समजून घ्यावा अशी त्यांची ओढ होती.

डिसेंबर १९५५ मध्ये 'नागपूर टाइम्स' या दैनिकात त्यांनी एक बातमी वाचली. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय लोकांनी शहरबसवर बहिष्कार टाकला होता आणि त्यांचा पुढारी होता मार्टिन ल्यूथर किंग नावाचा सव्वीस वर्षांचा पाद्री. ज्याची वाट पाहत होतो ते आपल्या देशात सुरू झाले, या आनंदाने लॉसन नागपुरातल्या आपल्या खोलीत अक्षरशः ओरडले. १९५६ मध्ये ते परत गेले. १९५७ च्या फेब्रुवारीत ओबर्लिन कॉलेजात त्यांची आणि किंग यांची भेट झाली. शिक्षण पुरे होण्याची वाट न पाहता दक्षिणेत या, असा आग्रह किंग यांनी धरला. लॉसन नॅशव्हिलला गेले. तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले, आणि त्याबरोबर त्यांनी एक निराळाच वर्ग सुरू केला.

त्या वेळचे नॅशव्हिल कसे होते ते आधी पाहू. शहराच्या मध्यभागी मोठमोठी दुकाने होती. कृष्णवर्णीय बाई तिथे साडेतीन डॉलरचे कापड घेऊ शकत होती, तिचे पैसे गल्ल्यात जात होते. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर, ज्याला तिथे लंच काउंटर म्हणतात, तिला स्टुलावर बसता येत नव्हते. बरोबरचे मूल भुकेने रडत असेल तर बाहेर पदपथावर उभे राहून खायला घालायचे. स्वच्छतागृहेही वेगळी, नाहीतर नाहीतच. लॉसन यांच्या बैठकांत आयाबायांनी हीच गाऱ्हाणी मांडली. लढा कुठून सुरू करायचा हा प्रश्न आला, तेव्हा बाजारपेठेतले हे काउंटर निवडले गेले, त्याचे मूळ या बायकांच्या बोलण्यात होते.

तळघरातले धडे

क्लार्क मेमोरियल हे कृष्णवर्णीयांचे एक मेथडिस्ट चर्च. त्याच्या तळघरात १९५९ च्या उत्तरार्धात दर आठवड्याला लॉसन यांचा वर्ग भरू लागला. शहरातल्या फिस्क विद्यापीठातून, टेनेसी स्टेटमधून, बॅप्टिस्ट सेमिनरीतून मुले-मुली येऊ लागली. त्यांत जॉन लुईस नावाचा अलाबामातल्या शेतकरी घरातला, एकोणीस वर्षांचा मुलगा होता. आणि डायॅन नॅश नावाची एकवीस वर्षांची मुलगी होती.

डायॅन शिकागोत वाढलेली. लहानपणी आजीच्या सहवासात राहिलेली. तू कुणापेक्षा कमी नाहीस, हे त्या आजीने नातीच्या मनात पक्के रुजवले होते. शिकागोतही भेदभाव होता, पण पाट्या लावून नव्हता. नॅशव्हिलला आल्यावर ती टेनेसीच्या राज्य जत्रेत गेली आणि स्वच्छतागृहावर रंगीत लोकांसाठी अशी वेगळी पाटी तिने पाहिली. आजीने जे शिकवले त्याच्या बरोबर उलट ती पाटी सांगत होती. याविरुद्ध कोणी काही करते आहे का, अशी विचारपूस करत ती तळघरातल्या वर्गात पोहोचली. मार न देता मार खायचा, ही रीत चालेल यावर सुरुवातीला तिचा विश्वास नव्हता. पण शहरात दुसरे कोणी काही करत नव्हते, म्हणून ती येत राहिली.

त्या वर्गात काय शिकवत, हे आम्हा शिक्षकांना फार महत्त्वाचे वाटते. भाषणे थोडी, सराव फार. काही मुले काउंटरवर बसलेल्या विद्यार्थ्यांची भूमिका घेत, काही मुले गुंडांची. गुंड झालेली मुले शिव्या देत, केस ओढत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली पाडत. बसलेल्यांनी उलट बोलायचे नाही, हात उचलायचा नाही आणि जागाही सोडायची नाही. खाली पडल्यावर डोके हातांनी कसे झाकायचे, मित्राला मार बसत असेल तर मध्ये आपले अंग कसे घालायचे, हे सगळे पुन्हा पुन्हा करून घेतले जाई. कपडे नीटनेटके, बरोबर अभ्यासाची पुस्तके. वागण्याचे नियम लिहून ठेवलेले. आधी नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्ये काही जण दोन दुकानांत जाऊन आले. वस्तू विकत घेतल्या, काउंटरवर खायला मागितले, नकार मिळाल्यावर का नकार देता असे सभ्यपणे विचारले आणि परतले. ही फक्त चाचपणी होती.

१ फेब्रुवारी १९६० ला शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो गावी चार विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या काउंटरवर बसले आणि बातमी देशभर झाली. नॅशव्हिलची मुले तयारच होती. १३ फेब्रुवारीला शंभराहून अधिक विद्यार्थी रांगेत चालत बाजारपेठेत गेले आणि काउंटरवर जाऊन बसले. कोणी त्यांना वाढले नाही. ती पुस्तके उघडून अभ्यास करत बसली.

पुढे दोन आठवडे हेच चालले. २७ फेब्रुवारीला गोऱ्या तरुणांचे टोळके तुटून पडले. मुलांना स्टुलांवरून ओढून मारहाण झाली, अंगावर सिगारेटी विझवल्या गेल्या. पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना. एक तुकडी गाडीत घातली की दुसरी तुकडी येऊन त्याच स्टुलांवर बसे. त्या दिवशी ८१ विद्यार्थी पकडले गेले. न्यायालयाने पन्नास डॉलर दंड ठोठावला. डायॅनने न्यायाधीशांना सांगितले की दंड भरणे म्हणजे ज्या अन्यायाविरुद्ध आम्ही उभे आहोत त्यालाच हातभार लावणे होईल, त्यापेक्षा आम्ही तुरुंगात जातो. बहुतेकांनी तेच केले. मार्चमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले.

या सगळ्या काळात आपल्याला फार भीती वाटत होती, हे डायॅनने पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे. मुलांना ही गोष्ट सांगताना हे वाक्य गाळू नये, असे आम्हाला वाटते. न घाबरणारी माणसे वेगळ्या मातीची असतात असे एकदा मुलांच्या मनात बसले, की ती स्वतःला त्यातून वजा करून टाकतात.

घरच्यांची भीती

आता घरच्यांविषयी. जॉन लुईस हा त्याच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. आईवडील अलाबामातल्या शेतात राबणारे. मुलगा पाद्री होईल, चार लोकांत मान मिळवेल, ही त्यांची आशा. आणि बातमी आली ती मुलगा तुरुंगात असल्याची. त्यांच्या घराण्यात तुरुंग म्हणजे बदनामी. या भानगडीतून बाहेर पड, तू शिकायला गेला आहेस, असे आईने कळवले. जॉनने आईचा अनादर केला नाही, पण मागेही फिरला नाही.

या आईला दोष देणे सोपे आहे. पण मुलगा संध्याकाळी उशिरा घरी आला तर आपल्या आयांचा जीव कसा टांगणीला लागतो, हे आपण रोज पाहतो. मोबाइलवर कुठला मजकूर पुढे पाठवला, कुठल्या मोर्चात दिसला, कुणी फोटो काढला, पोलीस ठाण्यात नाव गेले तर नोकरीचे काय, पासपोर्टचे काय, लग्नाचे काय. आपल्या वस्त्यांत ही भीती हवेतून आलेली नाही. तिला कारणे आहेत आणि ती बोलून दाखवणाऱ्या अम्मी-अब्बांना भित्रे म्हणणे अन्याय ठरेल.

तरीही नॅशव्हिलच्या घरांनी पुढे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मुले तुरुंगात गेल्यावर तिथला कृष्णवर्णीय समाज घरी बसून हळहळत राहिला नाही. बाजारपेठेतून काहीही विकत घ्यायचे नाही, असे घराघरांत ठरले. ईस्टरचा सण जवळ आला होता. ईस्टरला मुलांना नवे कपडे, नवे बूट घेण्याची पद्धत तिथे आपल्या ईदसारखीच. त्या वर्षी १७ एप्रिलला ईस्टर होता आणि बायकांनी जुनेच कपडे धुऊन, इस्त्री करून मुलांना घातले. ज्यांना काउंटरवर जाऊन बसणे शक्य नव्हते, त्या आयांनी, आज्यांनी, मोलकरणींनी, शिक्षिकांनी आपला वाटा असा उचलला. दुकानदारांच्या गल्ल्याला ते लगेच जाणवले.

१९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. घराची पुढची बाजू कोसळली. समोरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. लूबी पती-पत्नी वाचले. त्याच दिवशी हजारो लोक, विद्यार्थी आणि त्यांचे वडीलधारे, मुकाट्याने चालत महापालिकेच्या इमारतीवर गेले. घोषणा नाहीत, फक्त पावलांचा आवाज. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट आले. ते कायदा आणि सुव्यवस्थेविषयी बोलू लागले. मग डायॅनने त्यांना एक साधा प्रश्न विचारला, केवळ रंगावरून माणसात भेद करणे चूक आहे, असे तुम्हाला वाटते का? महापौर म्हणाले, होय. मग काउंटर सर्वांना खुले व्हावेत का? त्यालाही त्यांनी होकार दिला. राजकारण बाजूला ठेवून माणूस म्हणून उत्तर देणे भाग होते, असे त्यांनी पुढे सांगितले.

तीन आठवड्यांनी, १० मे १९६० ला, नॅशव्हिलच्या बाजारपेठेतल्या सहा दुकानांनी आपले काउंटर कृष्णवर्णीय ग्राहकांना खुले केले. मोठ्या दक्षिणी शहरांत ही सुरुवात करणाऱ्या पहिल्या काही शहरांपैकी हे एक. सिनेमागृहे आणि हॉटेले यांसाठी आणखी काही वर्षे झगडावे लागले. देशभरातल्या अशा जागांतला भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा व्हायला २ जुलै १९६४ उजाडला.

डायॅन तिथे थांबली नाही. १४ मे १९६१ ला अलाबामात ॲनिस्टन गावाजवळ गोऱ्या-काळ्या प्रवाशांची एक बस जाळण्यात आली. हिंसेमुळे तो प्रवास मोडणार असे दिसल्यावर डायॅनने नॅशव्हिलची मुले पुढे पाठवली. निघण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्रे लिहून ठेवली होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून राज्याराज्यांतून धावणाऱ्या बसच्या स्थानकांवरील वेगळ्या पाट्या उतरवण्याचा नियम लागू झाला. जॉन लुईस पुढे १९८६ मध्ये अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेले आणि २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे होते. ज्या व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढले, त्याच विद्यापीठाने २००६ मध्ये त्यांना प्राध्यापक म्हणून परत बोलावले. २०२४ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते वारले.

जागा कोण देतो?

या हकिकतीत आम्हाला एक गोष्ट सतत खुणावते. मुलांपाशी राग आधीपासून होता. तो प्रत्येक पिढीपाशी असतो. त्यांना मिळाले ते एक तळघर, एक शिक्षक आणि काही महिन्यांचा सराव. चर्चच्या जबाबदार मंडळींनी किल्ली दिली, दिवे लावू दिले, मुले-मुली रात्री काय करतात म्हणून कुजबुज केली नाही. राग तिथे शाळेत गेला, म्हणून तो सहा दुकानांची दारे उघडू शकला. शाळा न मिळालेला राग दोनच ठिकाणी जातो, एक तर कुणाच्या तरी डोक्यात दगड होऊन पडतो, नाहीतर आतल्या आत कुढून विझतो.

आपल्याला हे नवीन वाटू नये. मक्केत इस्लामचे सुरुवातीचे दिवस आठवा. मूठभर श्रद्धावंत, त्यांत गुलाम, गरीब आणि तरुण जास्त. उघडपणे बसायची सोय नाही. तेव्हा सफा टेकडीजवळचे एक घर खुले झाले, हजरत अरकम (रजि.) यांचे. ते स्वतः तेव्हा तरुण होते. दार-उल-अरकममध्ये प्रेषित मुहम्मद (स.) त्या साथीदारांना शिकवत आणि मक्केतला छळ सोसण्याची ताकद त्यांना तिथून मिळे. सब्र या शब्दाचा अर्थ आपण अलीकडे गप्प बसणे असा करून टाकला आहे. हजरत बिलाल (रजि.) तापलेल्या वाळूवर, छातीवर दगड घेऊन अल्लाहचे एकत्व म्हणत होते, तेव्हा ते गप्प बसलेले नव्हते. सब्र म्हणजे आपल्या जागेवरून न हलणे. नॅशव्हिलच्या स्टुलांवर बसलेली मुले वेगळ्या धर्माची होती, पण न हलणे काय असते ते त्यांना पाहून समजते.

आपल्या महाराष्ट्रातही असे एक दार उघडले होते. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे दुसरी परिषद भरायची होती, पण गावात कोणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने. भाषण त्यांनी केले नाही, पुढारी झाले नाहीत. जागा दिली. महाडचे तळे आणि नॅशव्हिलचा काउंटर यांच्यात तेहतीस वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे, पण प्रश्न तोच, सगळ्यांसाठी असलेल्या जागेवर सगळ्यांना बसता, पिता, खाता येईल का?

मुलांना आणखी एक सांगा. जे मिळवायला नॅशव्हिलची मुले १९६० मध्ये तुरुंगात गेली, ते आपल्या संविधानात १९५० पासून लिहिलेले आहे. अनुच्छेद १५ वाचून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांत कुणालाही अडवता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. त्या ओळींमागे महाडचे पाणी आहे. कागदावरचे खरे व्हायला मात्र दर पिढीत कुणाला तरी स्टुलावर जाऊन बसावे लागते.

'हबशी' हा शब्द

आता थोडे कडू. दुसऱ्याने आपल्यावर केलेला अन्याय आपल्याला पटकन दिसतो. आपल्या दस्तरखानावरचा दिसत नाही.

रंगाने सावळ्या मुलाला आपल्या घरांत, गल्लीत, शाळेच्या मैदानावर काय म्हणतात? 'हबशी'. हसत म्हणतात, लाडाने म्हणतात, पण ऐकणाऱ्याच्या मनात ते शिवीसारखेच उतरते. ज्या बिलाल (रजि.) यांच्या नावाने आपण मुलांची नावे ठेवतो, ते हबशीच होते. मक्का जिंकल्याच्या दिवशी काबागृहाच्या छतावरून अजान देण्याचा मान त्यांना मिळाला. ज्या मलिक अंबरने खडकी वसवली, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घातला, निजामशाही सावरली आणि जो खुलताबादच्या मातीत विसावला आहे, तो हबशाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. अशा माणसांची ओळख आपण टोमणा करून ठेवली आहे.

सोयरीक पाहायला गेलेल्या बायकांचा पहिला प्रश्न ऐका, 'लडकी का रंग साफ है ना?' शिक्षण, स्वभाव, दीनदारी नंतर. रंग साफ असेल तर मग बिरादरी. नमाजच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे बागवान, अत्तार, मोमीन, कुरेशी, पिंजारी, तांबोळी लग्नाच्या वेळी आपापल्या खोलीत जाऊन आतून कडी लावतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत कोणत्या मुली उभ्या केल्या जातात आणि मागे कोणत्या, हेही एकदा निरखून पाहा. त्या मागच्या रांगेतल्या मुलीला कोणीही काहीही सांगत नाही. तिला कळलेले असते.

हज्जतुल विदाच्या वेळी प्रेषित (स.) यांनी स्पष्ट केले होते की अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर कसलेही श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व असेल तर ते तकव्याचे. हजरत अबू जर (रजि.) यांच्यासारख्या थोर साथीदाराने रागाच्या भरात एकाला त्याच्या आईवरून टोमणा मारला, तेव्हा तुमच्यात अजून जाहिलियत उरली आहे, असे प्रेषितांनी त्यांना सुनावले. एवढ्या थोर माणसात ती उरू शकते, तर आपण आपल्यात शोधायला लाजू नये.

हे आम्ही इथे का लिहितो? कारण मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या अब्बांनी घरात बहिणीच्या सावळ्या रंगावरून स्थळ परत गेल्यावर काय म्हटले, हे मुलाने ऐकलेले असते. दोन्ही वाक्ये त्याच्या मनात शेजारी शेजारी ठेवलेली असतात. त्याची न्यायावरची निष्ठा तिथेच बनते किंवा तिथेच मोडते.

आपल्या हातात काय

मोठे काही सुचवण्याचा आमचा अधिकार नाही. मास्तरकीच्या अनुभवातून सुचते ते सांगतो.

एक, मुलाने किंवा मुलीने कुठला अन्याय पाहिला आणि घरी येऊन सांगितला, तर 'तुला काय करायचंय, अभ्यास कर' हे वाक्य गिळून टाका. पुरे ऐका. मग विचारा, तुझ्या मते काय करायला हवे होते? भीती वाटली का, हेही विचारा. आणि आपल्याला वाटणारी भीतीही लपवू नका. भीती बोलली गेली की तिच्यावर मिळून उपाय शोधता येतो.

दोन, सराव. जेवणानंतर दहा मिनिटे पुरतात. वर्गात कुणाला त्याच्या रंगावरून, जातीवरून, धर्मावरून, कपड्यावरून चिडवले तर तू काय म्हणशील? म्हणून दाखव. आता मी चिडवणारा होतो, तू उत्तर दे. आवाज न चढवता दे. पहिल्यांदा मुले हसतात. चौथ्या-पाचव्या वेळी हसत नाहीत. ऐनवेळी तोंडून निघते ते सरावाचे शब्द, भाषणातले नव्हेत.

तीन, घरातले शब्द निवडून काढा. 'हबशी', 'कालू', 'साफ रंग' हे शब्द या महिन्यापासून आपल्या घरात बंद, असे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी ठरवावे. आजी विसरतील. त्यांना नातीने आठवण करून द्यावी, अदबीने.

चार, जागा. आपल्या जमातखान्याचा हॉल आठवड्यातले कितीतरी तास कुलूपबंद असतो. शाळांच्या वर्गखोल्या रविवारी रिकाम्या असतात. त्यांतला एक तास तरुणांना द्या. मुलींनाही, त्यांच्या सोयीच्या वेळी. तिथे संविधान वाचले जावे, इतिहास वाचला जावा, मोहल्ल्याच्या प्रश्नांवर बोलले जावे. शेजारच्या वस्तीतली दलित, आदिवासी, हिंदू मुलेही यावीत, कारण गटारीचे पाणी आणि बसचा न थांबणारा थांबा सगळ्यांचाच असतो. एखाद्या जाणत्या वकिलाने, निवृत्त शिक्षकाने, अनुभवी कार्यकर्तीने सोबत बसावे. विश्वस्तांनी फक्त किल्ली द्यावी आणि दाराबाहेर उभे राहून पहारा देऊ नये.

किल्ली देताना हात थरथरेल. काही चुकले तर बोल आपल्यावर येईल, हे खरे आहे. पण ही मुले वाढताहेत, त्यांचा रागही वाढतो आहे, आणि त्याला शाळा द्यायची की नाही, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

आपल्या मुलामुलींना न्यायावर ठाम राहण्याची हिंमत आणि आपल्याला त्यांच्यासाठी दार उघडण्याची तौफीक अल्लाह देवो. आमीन.